मानेवरचा दगड

मोठा उपास लागून आठवडा झाला होता आणि ओढ्याकडच्या शेताचा बांध अजून कमरेएवढाही चढला नव्हता. येशू उठला त्या फासिकाचा सण येईपर्यंत पंचावन्न दिवस उपासाचे, आणि सणानंतर आभाळाचा काही नेम नाही. बांध पडका राहिला की माती ओढ्यात जाते. पाच पावसाळे ती जात होती. उरलेल्या मातीत जव टाकला तर तो वीतभर वाढायचा आणि पिवळा पडायचा.

घरात मी आणि माझी भावजय अमेत, दोघीच. आमच्या अदी-लोमिन गावात बाईनं नांगराला हात लावायचा नाही. नांगरट गावातले पुरुष करून देतात, पण आपापली शेतं उरकल्यावर. बैल दमलेले असतात, फाळ बोथट झालेला असतो. तरी आपण जवाची बिअर गाळून पाजायची आणि तुमचे उपकार म्हणायचं. दगडाला मात्र बाईचा हात चालतो. दगड उचलणाऱ्या बाईला कुणी अडवत नाही.

पाच वर्षं माझा एक नेम होता. पहाटे देवदूत मिकाएलाच्या चर्चला जाऊन उंबऱ्यावर कपाळ टेकायचं, येताना ओढ्यातून एक दगड वर आणायचा, आणि केसांना लोणी लावायचं नाही. आमच्याकडे लोण्याशिवाय बाईचे केस म्हणजे गवत. लग्नाकार्यात बायका माझ्या डोक्याकडे बघायच्या आणि नजर वळवायच्या. कुणी विचारलंच तर मी सांगायचे, मिकाएलाला नवस बोललेय. काय बोललेय ते सांगायचे नाही.

त्या आठवड्यात आम्ही एक मोठा दगड वर काढत होतो. तो तळाशी गाळात रुतलेला होता. मी तो पाच वर्षं बघत होते, पण एकट्या बाईच्या आवाक्यातला नव्हता. अमेतनं कातड्याचा दोर वळला. आम्ही दगडाखाली बैलाचं जुनं कातडं सारलं आणि वावभर ओढायचं, बसायचं, वावभर ओढायचं, असं सहा दिवस केलं. उपासाचं पोट. दुपारच्या प्रार्थनेची घंटा होईस्तोवर तोंडात पाणीही नाही. अमेतच्या तळहातांची सालं निघाली. तिनं चिंध्या बांधल्या आणि म्हणाली, "वन्सं, ओढ्यात एवढे दगड पडलेत, तुम्हाला हाच का हवा?"

मी म्हणाले, "हा आपला आहे."

बांधात, खालून दुसऱ्या थरात, एक खिंडार होतं. तो दगड तिथला होता. आम्ही तो तिथे लावून बघितला. सरळ घातला, बाहेर आला. उलटा घातला, बाहेर आला. खाली चिपा ठोकल्या तरी अंग झटकल्यासारखा पुढे घसरायचा. अस्गदोमबाबा तिकडून चालले होते. ते गावच्या पंचांत मुख्य, आणि तरुणपणी या डोंगरातले निम्मे बांध त्यांनी रचलेले. काठी टेकवून ते खाली उतरले, गुडघ्यावर बसले आणि अर्धी सकाळ त्या दगडाशी झटले. शेवटी धूळ झटकून म्हणाले, "पोरी, हा दगड या भोकाचा नाही. दुसरा बघ."

मी बरं म्हणाले.

जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे न बघता पलीकडे चरणाऱ्या बैलांकडे बघत होते. एम्बाये परत आलाय. मारेब नदीपलीकडे आईच्या माणसांत होता तो दोन वर्षं. आता बायकोला घेऊन आलाय. घराच्या पत्र्यावर त्यानं नव्या देशाचा झेंडा लावलाय.

पत्रा मला माहीत होता. गावात सगळ्यांची घरं मातीच्या धाब्याची, त्या एकाच घरावर पत्रा. रोज सकाळी ऊन त्याच्यावरून उसळून माझ्या अंगणात यायचं. मी चुलीपुढे त्या उन्हाला पाठ करून बसायला लागले होते ते त्यापायी.

अमेतनं हाताच्या चिंध्या परत आवळल्या. तिनं दगडावर थुंकायचं तेवढं टाळलं, कारण तो आपला आहे असं मी म्हटलं होतं.

*

एम्बायेचा जन्म माझ्यासमोरचा. मी दहा वर्षांची होते. त्याचा बाप मिठाच्या तांड्याबरोबर गेला तो वाटेतच मेला. आई पोटुशी, परक्या मुलखातली, नदीपलीकडची. माझी आई गावची सुईण. तिनं मला कंदील धरायला नेलं होतं. त्या बाईला दूध आलं नाही. माझ्या आईच्या कडेला तेव्हा तीन महिन्यांचा बेराखी, माझा भाऊ. आईनं एकीकडे बेराखी घेतला आणि दुसरीकडे एम्बाये. दोघं एका दुधावर वाढले. पुढं अस्गदोमबाबांच्या हाताखाली दोघंही बांध रचायचं काम शिकले. एम्बाये बेराखीपेक्षा सरस निघाला. त्यानं बसवलेल्या दगडात सुरीचं पातं जात नाही असं आसपासच्या गावांत म्हणायचे, आणि ते ऐकलं की तो मान खाली घालून हसायचा.

स्वातंत्र्याचं युद्ध डोंगरात आलं तेव्हा त्या दोघांनी आमच्या बांधाच्या पोटात एक पोकळी केली. तीन माणसं आडवी होतील एवढी. तोंडाला एक दगड. तो बाहेरून बांधाचाच वाटायचा. मी त्यांना पाणी द्यायला जायचे म्हणून मला ठाऊक. अमेतलाही सांगितलं नव्हतं. जखमी लढवय्ये दिवसा तिथे झोपायचे आणि अंधार पडला की पुढे जायचे.

मग एका बुधवारी, भर उन्हात, टेकडीवरच्या तळावरचे सरकारी सैनिक शेतात उतरले. कुठे शोधलं नाही, कुणाला विचारलं नाही. त्यांच्याबरोबर एक माणूस होता, डोक्यापासून गळ्यापर्यंत पांढरं कापड गुंडाळलेला, डोळ्यांना तेवढी भोकं. मी वरच्या बांधावर शेण गोळा करत होते. तो सरळ त्या दगडापाशी गेला. वाकला. तळव्यानं एक ठोका दिला, अर्धा फिरवला आणि डावा कोपरा आधी बाहेर घेतला. पेटीचं झाकण काढावं तसा दगड हातात आला. त्यानं तो उतारावरून ओढ्यात सोडून दिला. आत दोन जखमी होते, आणि त्यांना भाकरी द्यायला गेलेला बेराखी.

तिघांना तिथेच गोळ्या घातल्या. आम्हाला रडू दिलं नाही. तीन दिवस मढी उचलू दिली नाहीत.

मी तोंड बघितलं नव्हतं. हात बघितले होते. महिन्याभरात एम्बायेच्या घरावर पत्रा चढला.

सैनिक पळाले, आपला देश आपल्याला मिळाला, तेव्हा एम्बायेही नदीपलीकडे निघून गेला. मी नव्या सरकारच्या माणसांकडे गेले होते. ते चांगलं बोलले. म्हणाले, आई, ज्यांनी कापडं गुंडाळली असे प्रत्येक गावात आहेत. देश दोन वर्षांचा आहे, तान्हं पोर आहे. जुनं उकरून त्याच्या तोंडात घालू नका. पंच म्हणाले, तो नदीपलीकडचा, तिकडे गेला. गावचा कायदा गावच्या माणसाला. परक्यावर तो चालत नाही.

म्हणून मी रोज एक दगड आणत राहिले.

*

एम्बाये परत आला तो कागदासाठी. स्वातंत्र्याचा कौल घ्यायचा होता. देश वेगळा हवा की नको ते प्रत्येकानं डब्यात चिठ्ठी टाकून सांगायचं. त्यासाठी ओळखपत्र. ते नसेल तर मत नाही, बापाच्या वाट्याची जमीन नाही, गावात राहायचं ते पाहुण्यासारखं. ओळखपत्राला तीन साक्षीदार लागत, हा इथलाच म्हणून सांगणारे. एम्बायेचा बाप रस्त्यात मेलेला, आई परकी. तिनं पोर तिकडूनच कडेवर आणलं असं निम्मं गाव बोलायचं. दोन म्हाताऱ्यांना त्यानं कसंबसं राजी केलं होतं, पण त्यांनी नुसतं ऐकलेलं. जन्म बघितलेली मी एकटी उरले होते.

तो शेतात आला. उन्हं चढली होती, आम्ही थराला चिपा मारत होतो. बांधाच्या खाली उभा राहिला. दोन वर्षांत पोट सुटलं होतं त्याचं, पण हात तसेच, रुंद, बोटं बोथट. त्यानं बांधाकडे बघितलं आणि त्याला राहवलं नाही. म्हणाला, "हा थर बाहेर झुकलाय, ताई. पहिल्या सरीला बसेल."

"आम्ही बायका," मी म्हणाले. "आमचं असंच."

अमेत कुदळ टाकून वर निघून गेली. तो खाली बसला, जमिनीकडे बघत बोलत राहिला. नदीपलीकडे त्याला इकडचा म्हणतात, इकडे तिकडचा. सासरे म्हणतात जागा रिकामी कर. लेकराला शाळेत नाव घालायचं तर विचारतात कुठला. मग त्यानं माझ्या आईचं नाव काढलं. तिचं दूध प्यायलोय म्हणाला.

"प्यायलास," मी म्हणाले.

"मग येशील सांगायला?"

"येईन. देवासमोर उभी राहीन. बघितलं ते सांगेन."

एवढं ऐकून त्याचा चेहरा निवळला पाहिजे होता. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि खिंडाराकडे त्यानं एकदाही बघितलं नाही. बांध रचणारा माणूस बांधातल्या खिंडाराकडे बघत नाही, हे मी मनात ठेवलं.

गावाला सगळं सोपं वाटत होतं. पाणवठ्यावर बायका माझी घागर आधी भरू द्यायला लागल्या. म्हणायच्या, नुसती गप्प बस, लेतेकिदान. आठवत नाही म्हण. तेवढ्यानं तो जातो नदीपलीकडे, तुझं तोंडही विटाळत नाही. अस्गदोमबाबांनी निरोप पाठवला तो जरा आडून: दहा वर्षांच्या पोरीला काय आठवणार, असं कुणी म्हणालं तर पंच वाईट वाटून घेणार नाहीत. अमेत तर रोज भाकरी भाजताना बोलायची, आणि भाकरीशी बोलल्यासारखी बोलायची. त्याचं तोंड मला दिसता कामा नये. माझ्या नवऱ्याच्या रक्तावर तो इथं शेत करणार आणि मी त्याच्या बांधावरून पाणी आणणार. तुमचा देव एवढा भित्रा असेल, एका खोट्याला घाबरणारा, तर ठेवा तो तुमच्यापाशी.

मी तिला समजावलं नाही. मलाही तो गेलेला हवा असता तर सोपं होतं. गेलेला माणूस सुटतो. दोन वर्षं तो तिकडे कॉफी पीत होता आणि मी इथं दगड वाहत होते, ते काय कमी होतं का? मी चर्चच्या उंबऱ्यावर कपाळ टेकून एवढंच मागत होते, की मिकाएला, त्याला माझ्या हाताच्या अंतरावर ठेव.

*

नोंदणी उंबराच्या झाडाखाली झाली. टेबल शाळेतून आणलेलं. लिहायला बसलेली मुलगी रिग्बे. लढाईत होती ती, केस पुरुषासारखे कापलेले, पायात प्लास्टिकच्या चपला, डाव्या हाताला तीन बोटं. पाद्रीबाबा क्रूस घेऊन उभे. गाव कडेनं बसलेलं, पांढऱ्या शाली डोक्यावरून घेतलेलं, उपासानं सुकलेल्या ओठांचं.

माझं नाव पुकारलं. मी क्रूसाला ओठ लावले.

मी सांगितलं की हा माणूस या गावात, चर्चच्या खालच्या अंगाच्या घरात जन्मला. मी कंदील धरला होता. नाळ माझ्या आईनं कापली. बाप याच गावचा, मिठाच्या वाटेवर गेला. याला माझ्या आईनं माझ्या भावाबरोबर पाजलं.

कुणीतरी जिभेनं च्च केलं. अमेत उठली, शाल सावरली आणि माझ्या अंगावरून जाताना माझ्या पायापाशी थुंकली. थुंकी कोरडीच होती. गावातल्या बायकांनी तोंडं फिरवली. एम्बाये मात्र पुढे आला, माझ्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडला. खरं रडला तो. मी हात त्याच्या डोक्याला लावला नाही, आणि मागेही घेतला नाही.

मी रिग्बेला विचारलं, "लिहिलंस, बाळ?"

"लिहिलं, आई."

"शिक्का?"

तिनं शिक्का मारला. ओळखपत्र त्याच्या हातात दिलं. तो ते दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

"म्हणजे हा आता आपल्या गावचा."

"गावचा," रिग्बे म्हणाली.

मग मी पंचांकडे वळले. माझा आवाज लहान आहे. लोकांना पुढे सरकावं लागलं. मी म्हणाले, "अस्गदोमबाबा, गावचा कायदा गावच्या माणसाला, असं तुम्ही म्हणाला होता. गावच्या एका माणसानं गावच्या दुसऱ्याचं रक्त विकलं. मी बेराखीची बहीण. मी पंचांना बसायला सांगते."

अस्गदोमबाबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. एम्बायेचं रडणं थांबलं. ओळखपत्र अजून त्याच्या दोन्ही हातांतच होतं, आणि ते कुठं ठेवावं ते त्याला समजेना.

*

पंच रविवारी बसले, नको असताना बसले. त्यांच्यातल्याही कुणी त्या काळात तळावरची साखर घेतली असेल. गावात कोण किती धुतलेला ते ज्याचं त्याला माहीत. मी बघितलं ते सांगितलं. त्यांनी विचारलं, तोंड बघितलंस? नाही म्हणाले. दुसरं कुणी होतं? नाही.

एम्बायेनं क्रूस हातात घेतला. म्हणाला, बेराखी माझा भाऊ होता. त्या बांधात काही पोकळी होती हे मला तो मेल्यावर कळलं. त्या दगडाला माझा हात कधी लागलेला नाही.

पाद्रीबाबांनी क्रूस पुसून परत घेतला.

एका बाईचा शब्द आणि एका पुरुषाची शपथ. पंचांनी मधला रस्ता काढला. दोष लागत नाही, पण बहिणीच्या मनात सल आहे. सणाच्या आधी तो निघावा. तेव्हा एम्बायेनं रीतीप्रमाणे मानेवर दगड घेऊन तिच्या दारात यावं, गुडघे टेकावेत. तिनं खाली ठेव म्हणावं. संपलं. गावात अशी माफी वर्षातून दोन-तीनदा होते, हद्दीच्या भांडणात, शिवीगाळीत. कुणी घटकाभर ताटकळवतं, कुणी लगेच म्हणतं; शब्द येईतो रोज दगड घेऊन यावं लागतं. दगड मात्र दुखावलेल्याच्या शेतातला, त्यानं निवडलेला.

एम्बाये लगेच कबूल झाला. बायकोला म्हणाला म्हणे, एका दगडात सुटतोय.

*

सणाच्या आधीचा शुक्रवार. मी दगड निवडून ठेवला होता. त्याच्या कडेला बेराखीनं बोटं घालायला खाच पाडलेली होती. तिच्यात मी ओली माती दाबली, वर धूळ टाकली.

एम्बाये उघड्या पाठीनं आला, शाल कमरेला. खाली बघत वाकला. अस्गदोमबाबांच्या दोन मुलांनी मागून दगड उचलला आणि त्याच्या मानेवर ठेवला. दगडाकडे त्यानं बघितलं नाही. दगड घेणाऱ्यानं बघायचं नसतं. शेतापासून माझ्या दारापर्यंत चढ आहे. ऊन डोक्यावर. दोनदा तो थांबला. त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या आणि घामाचा ओघळ मणक्यावरून कमरेच्या शालीत जात होता. अमेत दारात उभी होती. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. भाकरी मात्र दोघींची टाकायची.

त्यानं गुडघे टेकले. "माफ कर, ताई."

गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. सगळ्यांना घरी जाऊन पडायचं होतं.

मी म्हणाले, "माझ्या दारात नको. बांधाला एक खिंडार आहे. तिथंच ठेव, बाबा. निदान आमची माती तरी राहील."

यात वावगं काय? पंचांनी एकमेकांकडे बघितलं. बरंच आहे, कामी येईल, कुणीतरी म्हणालं. एम्बाये उठला. मी त्याच्या कानाच्या पाळ्या बघत होते. त्यांचा रंग गेला होता.

परत सगळे उतारानं शेतात. खिंडारापाशी त्यानं दगड मानेवरून छातीवर घेतला आणि तेव्हा त्याला तो पहिल्यांदा दिसला. क्षणभर तो तसाच उभा राहिला. मग कसाबसा पुढे ढकलला. दगड घसरला आणि त्याच्या पायापाशी पडला. त्यानं परत उचलला, आडवा घातला. परत पडला. तो मुद्दाम करत होता. मला कळलं, त्याला कळलं, अजून कुणाला नाही.

पोरं हसली. मग मोठेही हसले. उपासाच्या दुपारी लोकांना हसायला काहीही चालतं. अस्गदोमबाबांचा थोरला मुलगा म्हणाला, "काय रे एम्बाये, नदीपलीकडे काय लोणी रचत होतास?" दुसरा म्हणाला, "सुरीचं पातं जात नाही म्हणे याच्या बांधात. अख्खी गाय जाईल." एम्बायेच्या मानेवर दगडाचा लाल वळ होता, आणि त्याच्यावरून रक्त वर चढत कानापर्यंत आलं.

तेवढ्यात अमेत पुढे आली. तिला मी काहीच सांगितलेलं नव्हतं. ती माझ्याशी बोलली, पण त्याला ऐकू जाईल असं. "राहू द्या, वन्सं. आपण दोघी बसवू. बायकांचं काम आहे, त्याला नाही जमायचं. बेराखीनं एका हातानं बसवला असता."

एम्बाये खाली बसला. त्यानं दगड मांडीवर घेतला, अंगठ्यानं खाचेतली माती काढली, दगड उलटा केला. डावा कोपरा आत सारला. अर्धा फिरवला. मग तळव्यानं एक ठोका.

दगड आत गेला. चिप नाही, माती नाही. बांध सलग झाला, जणू तिथे कधी भोक नव्हतंच.

त्याच्या तोंडावर हसू आलं होतं, तेच जुनं, मान खाली घातलेलं. ते जायला थोडा वेळ लागला. हसणारे जवळ सरकले होते. अस्गदोमबाबा काठी टाकून खाली उतरले आणि त्याच्या शेजारी गुडघ्यावर बसले. दगडाच्या कडेनं त्यांनी नख फिरवलं. नख कुठं अडकलं नाही.

"मी अर्धी सकाळ घालवली याच्यावर," ते म्हणाले. "तुला शिकवलेला मी."

एम्बाये हातांकडे बघत होता.

"या दगडाला हात लागलेला नाही म्हणालास. क्रूसावर म्हणालास."

एम्बायेनं तळहाताची माती मांडीला पुसली. त्याची बायको मागून कुठूनशी रडायला लागली. पाद्रीबाबांनी आपला क्रूस शालीच्या आत घेतला.

अस्गदोमबाबांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत पंचाचा तोरा नव्हता, म्हातारा माणूस होता. रक्ताच्या बदल्यात गुरं देववतो म्हणाले, त्याची जमीन देववतो. मी म्हणाले, मला गुरं नकोत, त्याची जमीनही नको. ती त्याला करू द्या, त्यानं इथंच राहावं. मला फक्त रीत हवी. रीतीत 'खाली ठेव' हा शब्द माझा आहे, आणि तो कधी म्हणायचा त्याला दिवस लावून दिलेला नाही.

"नाही," अस्गदोमबाबा सावकाश म्हणाले. "नाही लावलेला."

मी एम्बायेला म्हणाले, "काढ."

त्यानं तळव्यानं ठोका दिला, अर्धा फिरवला, डावा कोपरा आधी बाहेर घेतला. पाच वर्षांनी मी ते जवळून बघितलं.

"घे मानेवर."

*

फासिकाच्या रात्री चर्चमध्ये मेणबत्त्या लागल्या, उपास सुटला, लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. पाद्रीबाबा मला म्हणाले, आज तरी म्हणून टाक. मी त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं आणि घरी आले.

त्यानंतरच्या शुक्रवारी कौल होता. सूर्य उगवायच्या आत गाव उंबराखाली रांगेत उभं. माणसांच्या शाली इतक्या पांढऱ्या होत्या की डोळ्यांना झोंबत होत्या. ढोल वाजत होते, म्हाताऱ्या रडत होत्या, आंधळ्यांना पाठुंगळी आणलं होतं. मुलगे गमावलेल्या बायांना लोकांनी पुढे जागा दिली. मलाही अमेतनं हात धरून पुढे नेलं. माझ्या मागे, वीस-पंचवीस माणसं सोडून, एम्बाये होता. मानेवर दगड. त्याच्या पुढे आणि मागे एक-एक माणसाची जागा रिकामी राहायची. रांग सरकली की जागाही सरकायची.

टेबलापाशी रिग्बे होती. त्याची पाळी आली तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. हळूच म्हणाली, मत टाकण्यापुरता तरी खाली ठेवू दे, आई. आजचा दिवस मोठा आहे.

"त्याचं मत आहे, टाकू दे," मी म्हणाले. "एक हात पुरतो."

त्यानं एका हातानं दगड सावरला आणि दुसऱ्या हातानं चिठ्ठी डब्यात टाकली. हो म्हणून टाकली असणार. देश त्याचाही आहे. तशी साक्ष मीच दिली आहे.

त्या संध्याकाळी अमेतनं लोणी कढवलं. मला चुलीपुढे बसवून माझे केस सोडले आणि बोटांनी मुळापासून लोणी लावलं. ती मध्येच थांबून नाक पुसत होती. लोणी कानामागून गळ्यात उतरलं. पाच वर्षांनी डोकं हलकं वाटलं.

दगड वाहायचा माझा नेम आता सुटला आहे. चर्चचा सुटला नाही. मी पहाटे उंबऱ्यावर कपाळ टेकते, परत येते, चूल पेटवते. पत्र्यावरचं ऊन अंगणात येतं. आता मी त्याच्याकडे तोंड करून बसते. थोड्या वेळानं तो त्या पत्र्याखालून निघतो, बांधाकडे जातो, दगड काढतो, चढ चढून येतो आणि दारात गुडघे टेकतो. उन्हं चढेस्तोवर तो तसाच असतो. मग तो जाऊन दगड बसवतो, म्हणजे आमची माती वाहून जात नाही, आणि आपल्या शेताकडे वळतो. बांधाचा झुकलेला थरही त्यानं सरळ केला, न सांगता. यंदा जव कमरेएवढा आलाय.

माफी मागताना त्याचा आवाज आता माझ्याइतकाच लहान झाला आहे. मला दोनच शब्द तर म्हणायचे आहेत. रोज सकाळी ते माझ्या जिभेवर येतात. मी ते पवित्र पाण्यासारखे, उपाशीपोटी गिळते.